सिनेमातला तो भलामोठा कुत्रा खरंच अभिनय करतो का?

भलामोठा, केसाळ, लाळ गाळणारा कुत्रा घरात शिरतो, चपला चावतो, चिखलात लोळून येतो आणि थेट आईबाबांच्या बेडवर चढून अंग झटकतो, बाबा बोंबलतात, पोरं खिदळतात आणि शेवटी तोच कुत्रा घरच्यांना संकटातून सोडवतो. ही गोष्ट इतक्यांदा सांगून झालीय की पहिल्या दहा मिनिटांत पुढचं सगळं कळतं, तरी आपण बघतोच, आणि बघताना घरातलं सगळ्यात लहान कोणीतरी विचारतंच की याला एवढं सगळं कळतं कसं? हल्ली त्यात आणखी एक प्रश्न वाढलाय, हा खरा कुत्रा आहे का कम्प्यूटरवर बनवलेला?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर, अभिनय वगैरे तो काही करत नाही. तो छोटी छोटी कामं करतो, अगदी मन लावून करतो, त्या कामांची गोष्ट एडिटिंगच्या टेबलावर होते आणि त्यातल्या भावना आपण आपल्या पदरच्या घालतो. हे नीट समजलं की सिनेमा बघायला जास्तच मजा येते, आणि सिनेमा संपल्यावर "आपल्याला पण अस्साच कुत्रा हवा" हा जो हट्ट सुरू होतो त्याचं काय करायचं तेही कळतं.

त्याला गोष्ट कळते का?

नाही. आपण सिनेमात आहोत, समोरचा माणूस आपला मालक असल्याचं नाटक करतोय, आत्ता त्याला आपला राग आलाय, यातलं काहीही त्याला माहीत नसतं.

यावर लगेच येणारी तक्रार माहितीये, "अहो पण आमच्या कुत्र्याला चूक केली की कळतं, कसं तोंड करून बसतो बघा." यावर अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधक बाईंनी 2009 मध्ये छान प्रयोग छापला. मालकाने कुत्र्याला सांगायचं, हा खाऊ खायचा नाही, आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर त्याला सांगायचे की कुत्र्याने खाल्ला किंवा नाही खाल्ला, पण हे सांगणं कधी खरं असायचं कधी खोटं. मग दिसलं काय, तर ते "चुकलो हो" वालं तोंड खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हतंच, मालक ओरडला की ते तोंड यायचं. बिचाऱ्याने काहीच केलेलं नसताना ओरडा खाल्ला तर ते तोंड जास्तच व्हायचं.

म्हणजे कान मागे, मान खाली, नजर चुकवणं ही समोरच्या माणसाच्या आवाजावरची आणि हावभावांवरची प्रतिक्रिया असते. सिनेमावाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. त्यांना अपराधी भाव नकोच असतो, त्यांना मान खाली हवी असते, आणि मान खाली घालायला शिकवता येतं, तेही न ओरडता.

मग शिकवतात तरी काय?

अशी कामं, ज्यांना स्वतःला काही अर्थ नाही. चाल, थांब, बस, झोप, मान खाली, पंजा वर, वस्तू तोंडात धर, सोड, भुंक, मागे सरक, इकडे बघ, तिकडे बघ. यातलं सगळ्यात महत्त्वाचं आणि बाहेरच्या माणसाला सगळ्यात फालतू वाटणारं काम म्हणजे "मार्कवर" जाणं. मार्क म्हणजे जमिनीवरची ठरलेली जागा, कॅमेऱ्याचा फोकस तिथे लावलेला असतो, कुत्रा वीतभर पुढे गेला तर चेहरा धूसर येतो आणि टेक वाया जातो. सुरुवातीला तिथे छोटी फळी किंवा चटईचा तुकडा ठेवतात, पुढचे पंजे त्यावर टेकले की खाऊ, मग तो तुकडा हळूहळू लहान करत जातात, शेवटी शूटिंगला तिथे एखादं पान नाहीतर खडा असला तरी चालतो, प्रेक्षकाला काही दिसत नाही, कुत्र्याला मात्र बरोबर कळतं.

शिकवण्याची पद्धत आता बहुतेक ठिकाणी बक्षिसाचीच असते. तिच्या मुळाशी बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचं काम आहे, ज्या वागण्यानंतर काहीतरी चांगलं मिळतं ते वागणं वाढतं, एवढंच. त्याच्याबरोबर काम केलेल्या केलर आणि मॅरियन ब्रेलंड या जोडप्याने 1940 च्या दशकात हे प्राणी शिकवण्यासाठी वापरायला सुरुवात केली आणि त्यातूनच पुढे क्लिकर नावाची छोटी डबी आली. दाबली की "टिक" आवाज येतो, बाकी काही नाही. आता कोणी म्हणेल की खाऊ द्यायचाच आहे तर टिकटिक कशाला? तर त्याचं असं आहे की कुत्र्याने मान बरोबर वळवली तो क्षण अर्ध्या सेकंदाचा असतो, तुम्ही खिशातून खाऊ काढून देईपर्यंत त्याने मान परत फिरवलेली असते, नाक चाटलेलं असतं आणि तो तुमच्याकडे दोन पावलं आलेला असतो, मग खाऊ नक्की कशाचा मिळाला? क्लिकरचा आवाज म्हणजे बाईंनी वहीत केलेली बरोबरची खूण, ती नेमक्या त्या उत्तरासमोर होते, शाबासकी नंतर सावकाश मिळाली तरी चालते.

असं एकेक काम पक्कं झालं की ती जोडायची. दार ढकल, आत ये, मार्कवर थांब, उजवीकडे बघ. बरेच ट्रेनर ही साखळी शेवटाकडून शिकवतात, म्हणजे आधी "उजवीकडे बघ", मग त्याच्या आधीचं, मग त्याच्याही आधीचं, त्यामुळे कुत्रा पुढे पुढे जातो तसा जास्त ओळखीच्या, जास्त वेळा बक्षीस मिळालेल्या कामाकडे जात असतो आणि मध्येच रेंगाळत नाही. मला ही युक्ती फार आवडते, पाठांतर करणाऱ्या माणसांनीसुद्धा करून बघावी अशी आहे.

एक सीन उघडून बघू

समजा सीन असा आहे. घरात पाहुणे जेवायला बसलेत, कुत्रा गुपचूप येतो, टेबलावरचा मांसाचा मोठा तुकडा बघतो, पाहुण्याकडे बघतो, परत तुकड्याकडे बघतो, आणि पळवतो. पडद्यावर फार तर वीस सेकंद.

शूटिंगच्या दिवशी यातलं काहीही सलग घेतलेलं नसतं. कुत्रा दारातून आत येतो, कारण एक ट्रेनर त्याला दाराबाहेर धरून असतो आणि दुसरा समोरून बोलावतो. तो मार्कवर थांबतो, कट. तो "तुकड्याकडे बघतो" तेव्हा खरं म्हणजे टेबलाच्या पलीकडे खाली वाकून बसलेल्या ट्रेनरच्या हाताकडे बघतोय. तो "पाहुण्याकडे बघतो" तेव्हा तो हात पाहुण्याच्या कानाजवळ गेलेला असतो, म्हणून पुढच्या वेळी नीट बघा, बऱ्याच सिनेमांत कुत्र्याची नजर नटाच्या डोळ्यांत नसते, किंचित बाजूला असते. मग तुकडा उचलण्याचा शॉट वेगळा, तो तर उलट अवघड, कारण खऱ्या मांसाचा तुकडा तोंडात आला की कुत्रा पळवण्याऐवजी तिथेच खायला बसणार, म्हणून पुष्कळदा धरायला शिकवलेली खोटी वस्तू असते आणि खरा खाऊ दाराबाहेर ट्रेनरच्या हातात. कुत्रा पळतो तो त्या खाऊकडे, आपल्याला वाटतं चोरी करून पळाला.

या सगळ्यात ट्रेनर मोठ्याने बोलत असतो, "थांब, थांब, शाब्बास, इकडे, इकडे," आणि त्याच वेळी नटमंडळींना आपले संवाद तोंड सरळ ठेवून म्हणायचे असतात. अशा ठिकाणी रेकॉर्ड झालेला आवाज वापरता येत नाही, तो काढतात आणि नट नंतर स्टुडिओत संवाद पुन्हा म्हणतात. कुत्र्याचं भुंकणं, धापा टाकणं, नखांचा टकटक आवाज हेसुद्धा बहुतेक वेळा नंतर घातलेले असतात. 1992 च्या अमेरिकन 'बीथोवन' सिनेमात, म्हणजे या सगळ्या प्रकाराचा जो मुकुटमणी आहे त्यात, छोटी मुलगी पियानोवर बीथोवन या जर्मन संगीतकाराच्या पाचव्या सिम्फनीचे, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचे, सूर वाजवते, पिल्लू त्याला भुंकून साथ देतं आणि त्यावरून त्याचं नाव पडतं. पिल्लाला सिम्फनी शिकवायची गरज नसते, भुंकायला लावलं की झालं, ताल एडिटर सांभाळतो.

चाटण्याचे सीन सगळ्यात सोपे. नटाच्या गालाला कुत्र्याला आवडणारं काहीतरी चोपडायचं आणि कॅमेरा सुरू करायचा. नायकावरचं त्या कुत्र्याचं उत्कट प्रेम बघून आपले डोळे भरून येतात ते बऱ्याचदा या लेपावर.

आणि तो अंग झटकण्याचा सीन? त्यात तर शिकवणं कमी आणि निसर्ग जास्त. ओल्या केसाळ प्राण्याला अंग झटकल्याशिवाय राहवतच नाही. 2012 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी उंदरापासून अस्वलापर्यंत बरेच प्राणी भिजवून त्यांचं झटकणं मोजलं, उंदीर सेकंदाला साधारण तीस वेळा हलतो आणि मोठा कुत्रा चार-पाच वेळाच, कारण अंग जेवढं मोठं तेवढा कमी वेग पुरतो. प्राण्यांच्या सैल कातडीमुळे केसांची टोकं जास्त जोरात फेकली जातात आणि अंगावरचं बरंचसं पाणी क्षणात उडतं. मोठ्या कुत्र्याचं झटकणं हळू असतं म्हणून कॅमेऱ्यात नीट दिसतं आणि उडणारा चिखल भरपूर असतो म्हणून हशा मिळतो. अशा सिनेमात पॉमेरेनियन का नसतो याचं अर्धं उत्तर इथेच आहे. उरलेलं अर्धं असं की पाऊणशे किलोचा प्राणी मांडीवर बसायला बघतो तेव्हा त्याने काहीही न करता विनोद झालेला असतो.

पण चेहऱ्यावर भाव दिसतात त्याचं काय?

इथे मी जरा थांबणार आहे कारण हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो.

शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाचा दिग्दर्शक होता. त्याने एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच शॉट घेतला आणि तो वेगवेगळ्या गोष्टींना जोडला, एकदा सूपची वाटी, एकदा शवपेटी, असं. लोक म्हणाले वा, काय अभिनय आहे, सूप बघताना भूक दिसते आणि शवपेटी बघताना दुःख. चेहरा तोच होता. याला कुलेशोव्ह परिणाम म्हणतात आणि आजही सिनेमा शिकवताना पहिल्या काही धड्यांत हाच येतो.

आता माणसाच्या जागी कुत्रा ठेवा. माणूस नट निदान काहीतरी करायला जातो, कुत्रा नुसता बघतो. त्याच्यासमोर रडणारी मुलगी ठेवली की तो सांत्वन करतोय, बंद होणारं दार ठेवलं की तो खचलाय, आणि बाबांचा फाटलेला सोफा ठेवला की त्याला काही वाटतच नाहीये. शॉट एकच, आणि तो घेतला तेव्हा ट्रेनरने बहुधा खिशात हात घातला होता.

त्यातून कुत्र्याचा चेहराच असा आहे की त्यात आपल्याला भाव दिसतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्रे आणि लांडगे यांच्या चेहऱ्याचे स्नायू तपासले, तर भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा एक छोटा स्नायू कुत्र्यांमध्ये व्यवस्थित दिसला आणि लांडग्यांमध्ये त्याच्या जागी जेमतेम काही तंतू. भुवई आतून वर गेली की डोळे मोठे आणि केविलवाणे दिसतात, माणसाच्या बाळासारखे, आणि आपण विरघळतो. संशोधकांचा अंदाज असा की माणसांनीच हजारो वर्षं नकळत अशा चेहऱ्याच्या कुत्र्यांना जास्त जीव लावला. सेंट बर्नार्डसारख्या जातीत ('बीथोवन'मधला कुत्रा याच जातीचा) तर कपाळाला सुरकुत्या, डोळ्यांच्या खालच्या कडा लोंबत्या, गाल लोंबते, म्हणजे जन्मतःच चेहरा असा की स्वारी कायम कसल्यातरी विचारात आहे. कास्टिंग डायरेक्टरला अजून काय पाहिजे?

सगळ्या सिनेमात एकच कुत्रा असतो?

सहसा नाही. एक मुख्य असतो, ज्याचे क्लोजअप घेतात, आणि सोबत एक दोन किंवा जास्त डबल, म्हणजे त्याच्या जागी काम करणारे त्याच्यासारखे दिसणारे कुत्रे. कोणी शांत बसण्यात पटाईत, कोणी पळण्यात, कोणी पाण्यात. अंगावरचे ठिपके जुळत नसतील तर प्राण्यांना चालणारा रंग लावून जुळवतात. यात फसवणूक वाटत असेल तर गंमत ऐका, 1943 पासून पडद्यावर गाजलेली लॅसी ही कुत्री, ती भूमिका पॅल नावाच्या नर कुत्र्याने केली आणि पुढे त्याच्याच वंशातल्या नरांनी, कारण नर जरा मोठे असतात आणि त्यांच्या अंगावरचे केस टिकून राहतात, मादीचे मोसमात फार झडतात.

पिल्लांचा घोळ वेगळाच. गोष्टीत पिल्लू आठवडाभर लहान असतं, शूटिंग चालतं काही महिने, आणि मोठ्या जातीचं पिल्लू त्या काळात बघता बघता दुप्पट होतं. म्हणून वेगवेगळ्या वेळी जन्मलेली पिल्लं आणत राहावी लागतात. 1996 मध्ये आलेल्या '101 डाल्मेशियन्स'ला पिल्लंच दोनशेहून जास्त लागली होती. नावात 101 असून.

धोक्याचे किंवा वजनाचे शॉट यंत्राच्या कुत्र्यावर निभावतात, म्हणजे आतून मोटर आणि वायर असलेलं डोकं किंवा पंजा. कुत्र्याने पट्ट्यासकट टेबल, खुर्च्या आणि त्यावर बसलेली माणसं ओढत नेली असं दिसतं तेव्हा ओढणारी सहसा फ्रेमबाहेरची केबल असते आणि बसलेली माणसं स्टंटवाली. 'बीथोवन'मध्ये असा प्रसंग ज्या चकाचक जोडप्यावर ओढवतो त्यातला नवरा म्हणजे डेव्हिड डुकोव्हनी, नंतर 'द एक्स-फाइल्स' या मालिकेत एफबीआय एजंट मल्डर म्हणून जगभर गाजलेला. उगाच आठवलं म्हणून सांगितलं.

कम्प्यूटरवर कुत्रा बनवता येतो तर खरा कशाला?

बनवतातच. 2020 च्या 'द कॉल ऑफ द वाइल्ड'मधला बक हा कुत्रा पूर्ण कम्प्यूटरचा आहे, आणि सेटवर हॅरिसन फोर्डसमोर कुत्रा म्हणून वावरत होता टेरी नोटरी नावाचा माणूस, प्राण्यांच्या हालचाली करण्यात तो तरबेज. 2021 च्या 'क्लिफर्ड'मधला लाल कुत्रा तर दहा फूट उंच, तो खरा मिळणारच नव्हता, तिथे नटांना बघायला काहीतरी हवं म्हणून माणसांनी चालवलेला मोठा पपेट सेटवर ठेवला होता.

असा कुत्रा बनवणं स्वस्त आणि सोपं असेल असं वाटतं, तसं नाही. लाखो केस, प्रत्येकावर प्रकाश वेगळा पडतो, ओले झाले की चिकटतात, माणसाने हात फिरवला की दबून परत वर येतात, हे सगळं हिशोबाने करावं लागतं. त्याहून अवघड म्हणजे वजन. खरा कुत्रा सोफ्यावर उडी मारतो तेव्हा सोफा खचतो, उशी उडते, शेजारी बसलेला माणूस कलतो, आणि आपल्या डोळ्यांना हे सगळं जन्मापासून पाठ आहे, थोडं चुकलं तरी आतून कोणीतरी म्हणतं की हे खोटंय. म्हणून कम्प्यूटरच्या कुत्र्यासोबत सेटवर कोणीतरी खरोखर सोफा दाबणारा लागतो.

माझं मत विचाराल तर भुवया उडवून माणसासारखा हसणारा कम्प्यूटरचा कुत्रा मला नाही आवडत. खरा कुत्रा काही करत नाही म्हणून आपण त्याच्यात आपलं भरतो, आणि यात सगळं आधीच भरून ठेवलेलं असतं, आपल्याला करायला काही उरत नाही. पण प्राण्याला त्रास नको हा विचार केला तर याची बाजू भक्कम आहे हे मान्य करायलाच हवं.

हे क्रूर नाही का?

हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला इतिहास आहे. 1939 च्या 'जेसी जेम्स' या हॉलीवूडपटात घोड्याला कड्यावरून खाली पाडलं आणि तो मेला, त्यावर गदारोळ झाला आणि 1940 पासून अमेरिकन ह्युमेन या संस्थेची माणसं शूटिंगवर लक्ष ठेवायला लागली. सिनेमाच्या शेवटी "एकाही प्राण्याला इजा झालेली नाही" अशा अर्थाची जी ओळ येते ती पहिल्यांदा आली 1972 च्या 'द डोबरमन गँग'ला.

ती ओळ दिसली की सगळं उत्तम, असं मात्र समजू नका. ती मुख्यतः कॅमेरा चालू असतानाच्या कामाबद्दल बोलते, प्राण्यांना आधी कुठे ठेवलं होतं, शिकवताना काय झालं, गाडीतून कसं आणलं हे त्यात येईलच असं नाही, आणि या देखरेखीवर टीकाही झालीय. उलट बाजूही आहे, 2017 मध्ये एका सिनेमाच्या सेटवर कुत्र्याला खळाळत्या पाण्यात ढकलतात असा व्हिडिओ पसरला, सिनेमाचा प्रीमियर रद्द करावा लागला, नंतरच्या चौकशीत निघालं की तो व्हिडिओ कापून जोडलेला होता आणि दिशाभूल करणारा होता. म्हणजे एडिटिंगने कुत्रा हसवता येतो तसा रडवताही येतो, कुठल्याही बाजूने.

मारामारीचे सीन बघून मुलं घाबरतात, त्यांना हे सांगता येईल. 'बीथोवन'मधला दुष्ट डॉक्टर कुत्र्याने आपल्यावर हल्ला केला असा बनाव करतो, आणि पडद्यावर असे जे हल्ले दिसतात त्यात कुत्रा बहुतेक वेळा खेळत असतो. बाहीच्या आत आवडीचं खेळणं किंवा चावायचं जाड पॅड, समोर ओळखीचा माणूस, ओढाओढीचा खेळ. गुरगुर नंतर घालायची. कॅमेरा शेपटीपासून लांब ठेवायचा, कारण ती हलत असते.

मग आपणही तसाच आणायचा का?

हट्ट सुरू होतो तो इथे, आणि तो फक्त मुलांचा नसतो. 2014 मध्ये तीन संशोधकांनी अमेरिकेतल्या कुत्र्यांच्या जातवार नोंदणीचे जुने आकडे काढले आणि कुत्रा असलेल्या 87 सिनेमांशी ताडून बघितले. लोकप्रिय सिनेमानंतर त्या जातीची मागणी वाढते आणि परिणाम दहा वर्षांपर्यंत टिकू शकतो असं दिसलं. 1943 च्या लॅसीच्या सिनेमानंतर दोन वर्षांत लॅसीच्या कोली जातीची नोंदणी 40 टक्के वाढली, आणि 1959 च्या 'द शॅगी डॉग'नंतर ओल्ड इंग्लिश शीपडॉग या केसाळ जातीची नोंदणी पुढे शंभर पटीने वाढली. अलीकडच्या सिनेमांचा परिणाम मात्र पूर्वीइतका नाही असंही त्यांना दिसलं.

मागणी अशी अचानक वाढली की पिल्लं विकणाऱ्यांतले घाईघाईने पैदास करणारे पुढे येतात, आईबापांची तब्येत बघितली जात नाही, आणि वर्षभराने पिल्लू मोठं झालं की काही घरांना ते झेपत नाही.

सेंट बर्नार्डचंच घ्या. ही मूळ आल्प्समधल्या खिंडीतली जात, तिथला मठ जवळजवळ 2,470 मीटर उंचीवर आहे, बर्फात अडकलेल्यांना शोधायला हे कुत्रे कामाला यायचे. त्यांच्यातला प्रसिद्ध बॅरी 1800 ते 1814 असा जगला, आजही स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराच्या संग्रहालयात पेंढा भरून ठेवलाय. गळ्यात ब्रँडीचं पिंप वगैरे मात्र दंतकथा, ते एका चित्रामुळे डोक्यात बसलं. तर असा हा बर्फातला प्राणी, नराची उंची खांद्यापाशी 70 ते 90 सेंटीमीटर, वजन 65 ते 80 किलो, त्याला उकाडा सोसत नाही. ओठ सैल असल्यामुळे लाळ तोंडात राहतच नाही, ती जमिनीवर, कपड्यांवर, आणि मान हलवली की भिंतीवर. सांध्यांची दुखणी आणि पोटात वारा भरून पोट पिळलं जाण्याचा धोका मोठ्या जातींत जास्त, आणि दुसरं झालं तर तासाभरात दवाखाना गाठावा लागतो. आणि आयुष्य आठ ते दहा वर्षं, सातवीतल्या पोरासाठी आणलेलं पिल्लू पोरगं नोकरीला लागायच्या सुमारास जातं.

"पण स्वभावाने किती गरीब असतात हो!" असतात, खरंच. पण पाऊणशे किलोचा गरीब कुत्रा आनंदाने अंगावर आला तरी म्हातारं माणूस पडतं. आणि पडद्यावरचा जो गुणी दिसतो त्याच्यामागे रोज तासन्‌तास काम करणारे ट्रेनर असतात, डबल असतात, फाटलेला सोफा बदलून दुसरा आणणारी आर्ट डिपार्टमेंटची माणसं असतात आणि चिखलाचा सीन झाला की सेट पुसणारे वेगळे. घरी ही सगळी पदं तुम्हाला एकट्याला भूषवायची आहेत.

तरी ज्यांना मोठाच हवा, जागा आहे, वेळ आहे, हवा थंड आहे, त्यांनी पिल्लाच्या मागे न लागता त्या जातीचा मोठा झालेला, कोणीतरी सोडून दिलेला कुत्रा मिळतो का ते आधी बघावं. त्याचं वजन, लाळ, घोरणं सगळं समोर दिसतं. तासभर त्याच्याजवळ बसा, पोरांनाही बसवा, आणि पोरांना घरून जुने कपडे घालूनच न्या.